सुताराचा रंधा आणि शिलालेखाबाहेरचा इतिहास

१/ अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळ बहुतेक इतिहासप्रेमींना पाठ असतो: शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. उत्तरेकडील प्रवेशद्वाराच्या तुळईवरचा लेख शिलाहार राजा माम्वाणी आणि त्याच्या अधिकाऱ्यांची नावे सांगतो. त्या लेखाच्या शकाचे वाचन आधी ७८२ असे झाले होते. पुढे ते दोनशे वर्षांनी दुरुस्त झाले. लिहिलेले असले की चुकलेले वाचनही सुधारता येते. परंतु वालधुनीच्या काठावर हा काळा पाषाण ज्या शेकडो हातांनी घडवला, ते हात कोणत्याही लेखात मावले नाहीत. त्यांच्यापर्यंत जाणारी एक वाट अजून खुली आहे. तरुण इतिहासप्रेमींनी एकदा तरी स्वतःच्या हाताने लाकडी रंधा घडवून पाहावा, हे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/ दगडी मंदिराच्या चर्चेत सुताराचे हत्यार का आले, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर शब्दातच आहे. मंदिर उभारणाऱ्या प्रमुख स्थपतीला आणि कारागिराला जुने ग्रंथ व लेख ‘सूत्रधार’ म्हणतात, म्हणजे मापाचे सूत हाती धरणारा. याच शब्दापासून मराठीतला ‘सुतार’ आला. अंबरनाथच्या मंदिराची भूमिज शैली ज्या ग्रंथात वर्णिलेली आहे, त्या परमार राजा भोजाच्या ग्रंथाचे नावही ‘समरांगणसूत्रधार’ असेच आहे आणि तोही अकराव्या शतकातलाच. दगड असो वा लाकूड, सूत, गुण्या आणि साचा यांची विद्या एकच होती.

३/ भूमिज शिखराकडे नीट पाहिले की ही गोष्ट उलगडते. त्या शैलीत एकाच आकाराची छोटी शिखरे एकावर एक, ओळीने, वर जाताना लहान होत जातात. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, तरी राहिलेल्या भागात ही रचना स्पष्ट दिसते. एकच आकार ठरावीक प्रमाणात पुन्हा पुन्हा उतरवायचा, तर केवळ नजरेच्या अंदाजावर काम भागत नाही. सरळ कडेची पट्टी लागते, काटकोन तपासणारे साधन लागते, आकाराचा साचा लागतो. दगडाआधी साधने घडवावी लागतात, आणि त्या साधनांसाठीही कोणीतरी काहीतरी आधी सरळ केलेले असावे लागते.

४/ सुताराचा हात महाराष्ट्राच्या दगडात याहूनही जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या कमानीला बसवलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. दगडात कोरलेल्या छताला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. तरीही त्या बसवल्या, कारण घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी सभागृहाचेच रूप होते. त्याच लेण्यातील एक छोटा लेख सांगतो की तेथील द्वाराचे काम धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या ‘वढकी’ने केले. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही ‘वाढई’ म्हणतात. राजे आणि श्रेष्ठी यांच्या गर्दीत एका सुताराने आपले नाव आणि बापाचे नाव कोरून ठेवले, हा आपल्या इतिहासातला दुर्मीळ आणि मोलाचा क्षण आहे.

५/ सामीचे नाव राहिले, पण त्याची हत्यारे राहिली नाहीत. लाकडी दांडे व ठोकळे झिजले की चुलीत जातात आणि लोखंडी पाते झिजले की लोहाराच्या भट्टीत जाऊन दुसरे काहीतरी होते. नाणे पुरले जाते, म्हणून सापडते. ताम्रपट जपला जातो, म्हणून वाचता येतो. हत्यार मात्र शेवटपर्यंत वापरले जाते आणि वापरातच संपते. म्हणूनच आपल्याकडे राजवंशांच्या वंशावळी पुष्कळ आहेत आणि हत्यारांच्या वंशावळी जवळजवळ नाहीत.

६/ रंधा म्हणजे नेमके काय? लाकडाचा एक ठोकळा, त्यात तिरके बसवलेले धारदार पाते आणि ते पाते घट्ट धरणारी पाचर. वाकस किंवा पटाशी चालवताना खोली हाताने राखावी लागते. रंध्यात ते काम ठोकळ्याचा सपाट तळ करतो. पाते तळाबाहेर केसाएवढे डोकावते आणि तेवढाच पापुद्रा निघतो. कौशल्याचा एक भाग हातातून काढून वस्तूत साठवून ठेवण्याची ही युक्ती आहे. मानवाच्या तांत्रिक इतिहासात ही फार मोठी उडी होती.

७/ या उडीचे जुने पुरावे रोमन जगात आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत रंधे सापडले आहेत. म्हणजे कार्ल्याचे चैत्यगृह घडले, साधारण त्याच सुमाराचे हे रंधे. जपानची गोष्ट वेगळी आहे. तेथील जुनी लाकडी मंदिरे भाल्याच्या पात्यासारख्या ‘यारिगान्ना’ या हत्याराने गुळगुळीत केली जात. ठोकळ्याचा रंधा तेथे मध्ययुगाच्या उत्तरार्धात रुळला. जगातली काही अतिशय देखणी लाकडी मंदिरे रंध्याविना उभी राहिली, हे ध्यानात ठेवावे. हत्यार नसणे म्हणजे कौशल्य नसणे नव्हे.

८/ आता शब्दांकडे वळू. ‘रंधा’ हा शब्द फारसी ‘रंदे’पासून आला, ‘रंदीदन’ म्हणजे तासणे, खरवडणे. इराणमध्ये स्वयंपाकघरातल्या किसणीलाही आज हेच नाव आहे. ‘गुण्या’ फारसीतून आला, पण त्याचे मूळ ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोन. ‘मिस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून. ‘करवत’ संस्कृत ‘करपत्रा’वरून. मराठी सुताराच्या एका पिशवीत ग्रीस, इराण, पोर्तुगाल आणि संस्कृत एकत्र नांदतात. मात्र येथे नवख्या अभ्यासकाने सावध राहावे. शब्द बाहेरून आला म्हणजे वस्तूही त्याच दिवशी बाहेरून आली, असे सिद्ध होत नाही. जुन्या वस्तूला नवे नाव चिकटते आणि जुन्या नावाखाली नवी वस्तूही वावरते.

९/ गावगाड्यात सुताराचे स्थान बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथातून ही सारी व्यवस्था उभी राहते: शेतीची औते दुरुस्त करायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे. अशा सुताराचा रंधा दुकानातून येत नसे. पाते लोहाराकडचे, ठोकळा स्वतःचा. बाभूळ, शिसव, खैर अशा कठीण लाकडाचा, स्वतःच्या पंज्याच्या मापाने घडवलेला. मुलगा कामाला लागला की पहिले काही महिने धार लावण्यात जात आणि स्वतःचा रंधा घडवणे ही एक परीक्षाच असे. ही विद्या कागदावर उतरली नाही. तिला वहीची गरज नव्हती, कारण बाप आणि मुलगा एकाच पडवीत बसत.

१०/ हा रंधा आज घरी घडवता येतो का? येतो, आणि फार सामग्रीही लागत नाही. जुन्या पद्धतीत अखंड ठोकळ्यात पटाशीने आरपार तिरके खोबण कोरतात. ते नवशिक्याला अवघड जाते. सायबेरियात जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले सुतार-शिक्षक जेम्स क्रेनॉव्ह यांनी १९७०च्या दशकातल्या पुस्तकांतून एक सोपी रीत लोकप्रिय केली. ठोकळ्याच्या दोन्ही बाजू फळ्यांसारख्या कापून काढायच्या, मधला भाग तिरका छेदायचा आणि सगळे पुन्हा चिकटवायचे. कोरण्याऐवजी कापणे आणि जोडणे, एवढाच फरक. पण त्याने हे काम घरातल्या छोट्या टेबलावर आणले.

११/ कृती थोडक्यात अशी. पूर्ण मुरलेले, सरळ तंतूंचे कठीण लाकूड घ्यावे. मोडीत निघालेल्या जुन्या शिसवी पलंगाचा खूर जाड आणि निर्दोष असेल तर उत्तम. लांबी २५ ते ३० सेंमी पुरे. दोन्ही बाजूंनी साधारण १२ मिमी जाडीच्या फळ्या कापून वेगळ्या कराव्यात. मधल्या भागाची रुंदी पात्यापेक्षा दीड-दोन मिमी जास्त ठेवावी, म्हणजे पाते डावी-उजवीकडे सरकवायला जागा राहते. मग मधला भाग ४५ अंशांत छेदावा: मागच्या तुकड्याच्या उतारावर पाते टेकते. पुढच्या तुकड्याला अधिक उभा उतार द्यावा, म्हणजे पापुद्रा वर निघायला वाट मिळते.

१२/ चिकटवण्यापूर्वी चारही तुकडे जागेवर धरून छोट्या लाकडी खुंट्यांनी पक्के करावेत. नाहीतर गोंद लावताच ते निसटतात. बाजूच्या दोन्ही फळ्यांना आरपार भोक पाडून एक आडवी गोल दांडी बसवावी. पाचर या दांडीखाली अडकते आणि पात्याला दाबून धरते. गोंद लावून शिकंज्यांनी आवळावे आणि एक रात्र हात लावू नये. सर्वांत नाजूक जागा म्हणजे तळाची फट. ती सुरुवातीला पात्याची धारही बाहेर येणार नाही इतकी अरुंद ठेवावी आणि नंतर कानशीने कणाकणाने उघडावी. घाईने रुंद केलेली फट पुन्हा अरुंद करता येत नाही.

१३/ ही फट अरुंद का हवी, हे समजले की रंधा समजला. पाते लाकडात शिरते तेव्हा पुढचे तंतू धारेच्या आधीच उचकटू पाहतात. फटीची पुढची कड त्यांना दाबून धरते, म्हणून ते फाटत नाहीत, कापले जातात. तंतूंच्या उलट दिशेने रंधा चालवला की हा आधार अपुरा पडतो आणि पृष्ठभाग खडबडतो. गुंतलेल्या तंतूंच्या लाकडासाठी पाते ४५ ऐवजी ५० किंवा ५५ अंशांत, अधिक उभे बसवतात. प्रत्येक कोनामागे अनेक पिढ्यांनी फाडून पाहिलेले लाकूड आहे.

१४/ शेवटी पाते आणि पाचर जागेवर ठोकून, धार आत ठेवून, तळ सपाट करावा. पाचरीच्या दाबाने ठोकळा किंचित वाकतो, म्हणून हे काम ताणाखालीच करायचे असते. पुढे पात्याच्या माथ्यावर हलकी टिचकी मारली की धार बाहेर येते आणि ठोकळ्याच्या मागच्या टोकाला मारली की आत जाते. ना स्क्रू, ना चाक. अंबरनाथ-बदलापूरच्या पावसाळ्यात लाकूड फुगते. श्रावणात नीट चालणारा रंधा मार्गशीर्षात पुन्हा तळ मागतो. लाकूड कापले तरी हवेशी बोलणे थांबवत नाही, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

१५/ पहिला अखंड पापुद्रा निघेपर्यंत बहुधा अनेक रविवार जातात, आणि त्यानंतर मंदिराकडे पाहण्याची दृष्टी बदलते. गर्भगृहाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची कड, खांबाचा कोन, एकाच ओळीत बसलेल्या मूर्तींची समान उंची: आजवर ‘अप्रतिम’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींचे प्रश्न होतात. हा कोन कशाने तपासला असेल? हत्याराला धार कोण लावत असेल, दिवसातून किती वेळा? बिघडलेल्या दगडाचे काय झाले असेल? इतिहासाचा अभ्यास अशा प्रश्नांनीच सुरू होतो. केवळ विशेषणांनी तो संपतो.

१६/ हा विचार नवा नाही. १८६८ मध्ये अंबरनाथच्या याच मंदिराची मोजमापी रेखाचित्रे आणि शिल्पांचे साचे तयार करण्याचे काम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे आले होते. त्या तरुणांनी मंदिर आधी हाताने मोजले, मग कागदावर आणले. फ्रान्समधील गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या साधनांनी किल्ला बांधला जात आहे. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे छप्पर पुन्हा उभारताना तुळया कुऱ्हाडीने हाताने तासल्या गेल्या आणि तेव्हा गेदलोंमध्ये तयार झालेल्या सुतारांचा उपयोग झाला. छंद वाटणारी गोष्ट राष्ट्रीय गरजेची ठरली.

१७/ आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधले गेले. खिळे न वापरता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून. केरळच्या पारंपरिक कारागिरांनी ते घडवले आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. भिंतीवरच्या चित्रातून बांधणीचे सगळे तपशील मिळणे शक्यच नव्हते. उरलेले ज्ञान कारागिरांच्या बोटांत होते. ती बोटे नसती, तर चित्र केवळ चित्रच राहिले असते.

१८/ शिवमंदिराच्या परिसरात तर हत्यारांचा इतिहास थरावर थर साचला आहे. १९२०च्या दशकात अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला. तेथे लाकडाचा ओंडका गोल फिरवून लांब पात्याने त्याचा पापुद्रा सोलत आणि त्याच्या काड्या करत. प्लायवूडचे थरही असेच सोलतात. म्हणजे प्लायवूड ही एका अवाढव्य रंध्याचीच करणी. १९५०च्या दशकात येथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली: यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा कारखाना. शेजारच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले आणि पुढे तेथला फर्निचर बाजार दूरवर प्रसिद्ध झाला. आज त्या बाजारात प्लायवूड, सनमायका आणि विजेचा रंधा यांचे राज्य आहे. लाकडी रंधा दिसलाच तर कोपऱ्यात, धुळीत.

१९/ यावर दोन आक्षेप येतात. पहिला: यंत्र स्वस्त आणि जलद असताना हाताने रंधा ओढण्याचा हट्ट कशाला? पोटासाठी काम करणाऱ्या सुताराने विजेचा रंधा वापरू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याचे कंबरडे आणि त्याची मजुरी त्याला अधिक महत्त्वाची आहे. येथे प्रश्न धंद्याचा नाही, स्मृतीचा आहे. तलवार रणात निरुपयोगी झाली म्हणून दांडपट्ट्याचे आखाडे कोणी बंद केले नाहीत. शस्त्रांची स्मृती जपणारा समाज हत्यारांच्या बाबतीत इतका विसराळू का, याचे उत्तर द्यायला हवे.

२०/ दुसरा आक्षेप अधिक खरा आणि अधिक बोचरा आहे. ज्यांच्या जातीवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले आणि ज्यांना त्याचे मोल कधी पुरते मिळाले नाही, त्यांची विद्या आता सुखवस्तूंनी रविवारची करमणूक म्हणून उचलायची का? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. त्यावर एकच प्रामाणिक उत्तर संभवते: शिकायचे तर व्हिडिओपुरते थांबू नये, सुताराकडे जावे. त्याला कामगार म्हणून नव्हे, गुरू म्हणून बोलवावे आणि त्याच्या वेळेचे पूर्ण मोल द्यावे. जे लिहून ठेवाल त्यावर त्याच्या संमतीने त्याचे नाव घालावे. सामीने दोन हजार वर्षांपूर्वी स्वतःचे नाव स्वतः कोरले होते. आजच्या सुताराचे नाव निदान नोंदीत तरी यावे.

२१/ सरकारी धोरणातही येथेच पोकळी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारही आहे. साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. हे स्वागतार्हच आहे. पण नवी साधने हाती येताना जुनी कोठे जातात, याची नोंद घेणारी यंत्रणा नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, तेव्हा कोठे त्या इतिहास ठरल्या. अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूरच्या पट्ट्यात हत्यारांचे एखादे छोटे दालन उभे राहू शकते. त्याला महाल लागत नाही. शाळेची एक रिकामी खोली पुरते.

२२/ सुरुवात खंडेनवमीला करावी. त्या दिवशी घरोघरी आणि कारखान्यांत हत्यारे पुसून पूजेला मांडली जातात. वर्षातून एकदा ती सगळी एकत्र दिसतात. इतिहासप्रेमी गटांनी त्या दिवशी ओळखीच्या सुताराकडे जाऊन, त्याची परवानगी घेऊन, प्रत्येक हत्याराचे छायाचित्र काढावे आणि पाच गोष्टी लिहाव्यात: घरात वापरले जाणारे नाव, लाकूड, लांबी-रुंदी, पात्याचा कोन आणि ते कोणी घडवले. मग त्यातला एक रंधा निवडून, त्याच मापाचा नवा रंधा त्या सुताराच्या देखरेखीखाली घडवावा. पहिला बिघडेल. दुसऱ्याला लाकूड आधीच मुरत ठेवावे.